लेगोचं डब्ल्यूडीएम-२: आठ स्टडची रुंदी, तीन ॲक्सलची बोगी आणि माझी फजिती

खिडकीजवळची_जागा | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, गेले चार महिने जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग मी अडवून बसलोय. घरातले आता त्या अर्ध्या भागाला 'यार्ड' म्हणतात. काम अडलंय, म्हणून हा धागा.

लेगोच्या विटांमधून आपलं जुनं डब्ल्यूडीएम-२ बनवायचंय, आणि ते स्वतःच्या मोटरवर रुळांवरून धावलं पाहिजे. कपाटात ठेवायचं मॉडेल नकोय. ज्यांनी नुसतं 'डीझेल इंजिन' म्हणून पाहिलंय त्यांच्यासाठी: हे मूळचं अमेरिकेच्या अल्को कंपनीचं. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिकडून आली, १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. एका टोकाजवळ केबिन, तिच्या एका अंगाला आखूड नाक आणि दुसऱ्या अंगाला लांबलचक हूड, म्हणजे यंत्रावरचं झाकण. नॉच, म्हणजे थ्रॉटलचा टप्पा, वाढवला की काळ्या धुराचा लोट सोडणारं तेच ते. लहानपणी मामाकडे जाताना मी त्या धुराच्या बाजूची खिडकी मागून घ्यायचो आणि आईचा मार खायचो.

सुरुवात गणितापासून केली, आणि गणितानेच नादाला लावलं. लेगोच्या रुळांमधलं आतलं अंतर ३७.५ मिमी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. भागाकार केला तर प्रमाण येतं साधारण १:४४.७. आता इंजिनाची मापं याच प्रमाणात बघा. रुंदी २८६४ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ६४ मिमी. लेगोचा एक स्टड, म्हणजे विटेवरच्या एका गोल उंचवट्याची जागा, ८ मिमीचा. म्हणजे बरोब्बर ८ स्टड! बफरसकट लांबी १७.१२ मीटर, म्हणजे ३८३ मिमी, म्हणजे ४८ स्टड. पहिल्या ॲक्सलपासून शेवटच्या ॲक्सलपर्यंत १२.८३४ मीटर, म्हणजे ३६ स्टड. रात्री दीड वाजता मी हे तीनदा तपासलं आणि बायकोला उठवून सांगितलं. तिने कूस बदलली.

युरोप-अमेरिकेतल्या लोकांचं इथेच अडतं. त्यांचा गेज १४३५ मिमी, त्यामुळे रूळ प्रमाण धरले तर डबे १० स्टड रुंद करावे लागतात, आणि ८ स्टड केले तर गाडी रुळांच्या मानाने बारीक दिसते. आपल्याला ब्रॉडगेजने फुकटात तारलंय.

आता रडगाणं. या इंजिनाला तीन-तीन ॲक्सलच्या दोन बोग्या (डबे नव्हेत, इंजिनाखालच्या चाकांच्या वळणाऱ्या चौकटी). लेगोची तयार ट्रेन मोटर दोन ॲक्सलची. मी दोन टोकांचे ॲक्सल ११ स्टड अंतरावर ठेवून मध्ये तिसरा घातला. सरळ रुळावर राणीसारखी चालते. वळणावर शिरली की तिसऱ्या तुकड्यापाशी मधलं चाक फ्लँजवर (चाकाच्या आतल्या उंच कडेवर) चढतं आणि पुढची बोगी रुळाखाली. दर वेळी. कुणी तीन ॲक्सलची बोगी केली आहे का?

रिकामटेकडी | शनिवार, रात्री ११:५८

पहिली! वाचनखूण साठवली. गणित कळलं नाही, पण बायकोने कूस बदलली ते पूर्ण कळलं.

मोहॉककाठी | रविवार, पहाटे ५:१०

अरे वा, माझ्या गावचं इंजिन! मी राहतो तिथून पंधरा मिनिटांवर न्यूयॉर्क राज्यातलं स्केनेक्टडी आहे. अल्कोचा कारखाना तिथेच होता. १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद झालं, आणि आता त्या जागेवर कॅसिनो उभा आहे. मी तिथे एकदा वीस डॉलर हरलो आणि ते अल्कोला श्रद्धांजली म्हणून सोडून दिले.

मुद्द्यावर येतो. तुमचं वळण कुठलं? लेगोचं नेहमीचं असेल तर त्याची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेमी. सोळा तुकड्यांत अख्खं वर्तुळ पूर्ण होतं. तुमचे टोकाचे ॲक्सल ११ स्टडवर असतील, तर वळणावर मधल्या ॲक्सलची जागा त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेपासून बाजूला सरकते. किती सरकते? मधला ॲक्सल एका टोकापासून ५ आणि दुसऱ्यापासून ६ स्टडवर धरा. ५ गुणिले ६, भागिले त्रिज्येची दुप्पट म्हणजे ८०. उत्तर ०.३७५ स्टड, म्हणजे ३ मिमी. फ्लँज आणि रुळामध्ये एवढी जागा नसतेच. तुम्ही ॲक्सल पक्का बसवलाय, मग तो बिचारा चढणार नाही तर काय करणार.

दोन मार्ग आहेत. मधल्या चाकांना फ्लँज नसलेली चाकं लावा. किंवा मधला ॲक्सल आडवा सरकू द्या, दोन्ही बाजूंना ३-३ मिमी मोकळीक ठेवून. मी दुसरा मार्ग घेतो, कारण बिनफ्लँजचं चाक वळणावर हवेत लटकलेलं दिसतं.

तिसरा मार्ग म्हणजे मोठी वळणं. बाहेरच्या कंपन्या १०४ स्टड त्रिज्येची वळणं विकतात. माझ्या तळघरात तीच आहेत.

खिडकीजवळची_जागा | रविवार, सकाळी ९:२५

तळघर! आमच्याकडे हॉल आहे, आणि त्यात सोफा आहे. १०४ च्या वळणाचं वर्तुळ पावणेदोन मीटरच्या आसपास जातं. सोफा हलवायचा प्रस्ताव मांडून पाहिला. फेटाळला गेला.

५ आणि ६ कुठून आले पण? मी मधला ॲक्सल बरोब्बर मध्ये ठेवला होता. त्यासाठी जंपर प्लेट (मध्यावर एकच स्टड असलेली प्लेट) घालून अर्धा स्टड सरकवावा लागला, ती वेगळीच कसरत.

निवृत्त_फिटर | रविवार, दुपारी १:१५

नमस्कार. मुलाने हा धागा दाखवला. तीस वर्षं डीझेल शेडमध्ये काढली, खेळण्यातलं मला काही कळत नाही. पण बोगीबद्दल बोलतो.

या इंजिनाची बोगी ट्रायमाउंट. मधला ॲक्सल मध्ये नसतोच. प्रत्येक ॲक्सलला आपली ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणारी विजेची मोटर, टांगलेली असते, तीन मोटरी एका फ्रेममध्ये मावायच्या तर अंतरं सारखी ठेवून जमत नाही. इंजिनाचा बाजूने काढलेला कुठलाही फोटो घ्या आणि पट्टीने मोजा, एक अंतर कमी आणि एक जास्त निघेल. तुम्ही अर्धा स्टड काय ते सरकवून मुद्दाम चूक केलीत.

दुसरं, ट्रायमाउंट नाव का? इंजिनाचं वजन बोगीवर तीन जागी टेकतं. मध्ये पिव्हट, ज्याभोवती बोगी वळते, आणि दोन बाजूंना दोन बेअरर, म्हणजे टेकू. तीन पायांचं स्टूल कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तसं. तुमचं इंजिन कशावर टेकलंय?

आणि ३२ सेंटिमीटरचं वळण ते काय? तुमच्याच प्रमाणाने ते १४ मीटरचं झालं. ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळण १० अंशाचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. १४ मीटरवर डब्ल्यूडीएम-टू घातलं असतं तर आमच्या फोरमनने आम्हालाच वळवलं असतं.

खिडकीजवळची_जागा | रविवार, दुपारी २:०२

काका, साष्टांग नमस्कार. तुमच्या हिशोबाने चालायचं तर मला जवळजवळ ४ मीटर त्रिज्येचं वळण लागेल. त्यासाठी फ्लॅट बदलावा लागेल.

इंजिन सध्या एका तबकडीवर टेकलंय, चार बाय चारच्या. सगळं वजन मध्ये. आता कळलं ते दोन्ही बाजूंना का झुलतं. मी त्याला 'रुळांचा दोष' म्हणत होतो.

चकलीचा_साचा | रविवार, सायंकाळी ६:३०

काकांचा प्रतिसाद वाचून दोन वेळा हसले आणि एकदा शिकले.

दादा, बाहेरच्या अंगाबद्दल विचारते, कारण माझा जीव तिथेच अडकतो. हूडच्या कडेच्या जाळ्या कशा करताय? मी इमारती बनवते, गाड्या नाही, पण आडव्या विटा बसवायचं तंत्र सारखंच. प्लेट ३.२ मिमीची. पाच प्लेटा एकावर एक म्हणजे १६ मिमी, म्हणजेच दोन स्टड. हा मेळ लक्षात ठेवला की भिंत आडवी करून लावता येते आणि कुठे फट राहत नाही. हेडलाइट ब्रिकच्या (बाजूलाही स्टड असलेल्या छोट्या विटेच्या) कडेच्या स्टडवर १×२ ग्रिल टाइल उभ्या लावा, रेडिएटरच्या झडपा हुबेहूब दिसतील.

आणि कठडे? तेच दिसलं नाही तर हे इंजिन दिसणारच नाही.

खिडकीजवळची_जागा | रविवार, रात्री १०:१५

ताई, ग्रिल टाइलचं लगेच करून पाहिलं. रेडिएटरचा भाग सुटला. हूड ६ स्टड रुंद आणि दोन्ही बाजूंना १-१ स्टडची चालायची पट्टी, असं धरलंय. भिंती एकेक स्टडच्या, म्हणजे आत पोकळी ४ स्टडची. बॅटरीचा हब त्यात नेमका बसतो. सहा ट्रिपल-ए सेल पोटात घेणारा तो छोटा हब, लेगोच्या पॉवर्ड अप या मोटर-रिमोटच्या मालिकेतला. एवढं चपखल बसलं की मलाच संशय आला.

पण हबचं बटण दाबायला दर वेळी छत काढावं लागत होतं. शेवटी धुराडं सैल ठेवलं. धुराडं खाली दाबलं की त्याची दांडी बटणावर पडते आणि इंजिन चालू. हे माझं या प्रकल्पातलं सर्वांत आवडतं काम.

कठड्यांवर मात्र मी हरलोय. लेगोची दांडी ३.२ मिमी जाड. आपल्या प्रमाणात ते १४ सेंटिमीटर! माणूस पकडणार कसा त्याला, मिठी मारून? काढले तर इंजिन बोडकं दिसतं, लावले तर पिंजरा. आत्ता फक्त केबिनजवळच्या पायऱ्यांपाशी लावलेत, लांब बाजूला काळा जाड दोरा ताणलाय. शुद्धतावाद्यांनी दगड मारायला हरकत नाही.

पक्या_पायथॉन | सोमवार, सकाळी ८:०५

दगड नाही, पण एक टोमणा. दोऱ्याचा कठडा चालतो आणि चाकं मात्र अजून लेगोची छोटीच? खऱ्या चाकाचा व्यास १०९२ मिमी, म्हणजे मॉडेलला २४ मिमीच्या जवळपास हवा. लेगोचं नेहमीचं चाक १७ च्या आसपास. इंजिन स्लीपर घालून उभं असल्यासारखं दिसेल.

दुसरं, गती. मोटर कुठली, गिअर किती, ते लिहिलंच नाहीस.

खिडकीजवळची_जागा | सोमवार, सकाळी ८:५०

चाकं मागवली आहेत, बाहेरच्या कंपनीची, २३ मिमी. पाकीट कस्टममध्ये तीन आठवडे अडकून होतं, त्यावर वेगळा धागा निघेल, इथे नको. मागच्या आठवड्यात आली.

गतीचा हिशोब असा. खरं इंजिन ताशी १२० किमी. प्रमाणात ते सेकंदाला ७५ सेमी. २३ मिमी चाकाचा घेर ७२ मिमी, म्हणजे सेकंदाला दहाच्या वर फेरे, मिनिटाला सहाशेच्या पुढे. मोठी टेक्निक मोटर भार ओढताना त्याच्या निम्म्यालाही धापा टाकते. सरळ जोडली तर प्रमाणातली गती ताशी ५०-६० किमी पडते. २० दातांच्या गिअरने १२ दातांचा फिरवला तर वेग साधारण १.६७ पट होईल, पण जोर तेवढाच घटेल.

निवृत्त_फिटर | सोमवार, दुपारी १२:४०

५०-६० पुरे आहे. पॅसेंजर गाडी समजा. ओढणं महत्त्वाचं. किती डबे लावणार?

खिडकीजवळची_जागा | सोमवार, दुपारी १:३०

चार, काका. सरळच जोडतो मग.

मोहॉककाठी | मंगळवार, पहाटे ४:४५

डबे लावणार असाल तर कपलिंगचा हिशोब आधी करा. तुमच्या बोग्यांची केंद्रं २५ स्टडवर, इंजिन ४८ स्टड. ४० च्या वळणावर इंजिनाचं टोक रुळाच्या मध्यापासून सव्वापाच स्टड बाहेर जाईल, म्हणजे ४ सेमी. इंजिनाच्या अंगाला कपलिंग बसवलं तर ते पहिल्या डब्याला ओढून रुळाबाहेर काढेल. १०४ च्या वळणावर हेच दोन स्टड होतं. खऱ्या इंजिनात कपलिंग अंगालाच असतं हे माहीत आहे, पण आपल्याला ते बोगीला लावावं लागणार. चुंबकाचं कपलिंग एका झुलत्या पट्टीवर बोगीला जोडा, बफर मात्र अंगावर ठेवा. लांबून कुणाला कळत नाही.

पोटातलंही लक्षात ठेवा. इंजिनाचा मधला भाग दोन स्टड आत झुकतो. वळणाच्या आतल्या बाजूला सिग्नल, प्लॅटफॉर्म, सोफ्याचा पाय काहीही असलं तरी धडक.

रिकामटेकडी | मंगळवार, सकाळी १०:००

सोफ्याचा पाय! शेवटी सोफाच व्हिलन निघणार बघा.

खिडकीजवळची_जागा | शुक्रवार, रात्री ११:२०

पहिला दीर्घ प्रयोग झाला. अहवाल देतो.

बोगी नव्याने बांधली. टोकाचे दोन ॲक्सल पक्के, मधला ५ आणि ६ च्या अंतरावर, आडवा सरकणारा. मधल्याला मोटर नाही, तो फक्त सोबत फिरतो. मोटर हूडमध्ये आडवी, तिथून उभा दांडा पिव्हटच्या मधून खाली बोगीत, आणि तिथे १२ दातांचे शंकू गिअर. दांडा पिव्हटच्या बरोब्बर मध्यातून गेल्यामुळे बोगी वळली तरी गिअर अडकत नाहीत. हे पहिल्याच वेळी जमलं असं सांगायला आवडलं असतं, पण चौथ्या वेळी जमलं.

काकांचं ट्रायमाउंट घातलं. मध्ये पिव्हट, बाजूंना दोन गुळगुळीत टाइल, इंजिन तिन्हींवर टेकतं. डुगडुग गेली. अक्षरशः गेली! मी मुलाला टेबल हलवायला लावलं आणि इंजिन तसंच.

पण गाडी घसरू लागली. चार डबे लावले की चाकं जागेवर गरगर. प्लॅस्टिकच्या रुळावर प्लॅस्टिकचं चाक, दुसरं काय होणार. चाकांना रबरी कडी घातली. थोडं सुधारलं. मग डोकं लढवून इंधनटाकीत दोन रुपयांची चाळीस नाणी भरली. टाकी दोन बोग्यांच्या मध्ये, १४ स्टडची जागा, छान मावली. फारसा फरक नाही.

पक्या_पायथॉन | शुक्रवार, रात्री ११:४५

कारण टाकी मध्ये आहे! निम्मं वजन बिनमोटरच्या बोगीवर गेलं. मोटर एकाच बोगीला आहे ना? मग सगळं जड तिच्या डोक्यावर आण. हब सेलसकट उचल आणि मोटरच्या बोगीवर ठेव. नाणी मुलाच्या गल्ल्यात परत टाक.

आणि रिचार्जेबल सेल वापरत असशील तर सहा सेल मिळून ९ ऐवजी ७.२ व्होल्ट देतात, तेही धर. चढावर फरक पडतो.

जुनं_ते_सोनं | शनिवार, सकाळी ७:३०

म्हणूनच मी १९९१ च्या धातूच्या रुळांवर अडून बसलोय. ९ व्होल्ट रुळातून येतात, ना सेल ना हब ना मोबाईल. तुमचं हे सगळं ठीक, पण खेळणं चार्ज करावं लागणं मला पटत नाही.

चकलीचा_साचा | शनिवार, सकाळी ९:१०

आणि ते रूळ आता सोन्याच्या भावाने मिळतात, नावाप्रमाणेच. :)

खिडकीजवळची_जागा | रविवार, दुपारी ४:३०

पक्या, जिंकलास. हब सरकवला, चारही डबे निघाले. दिवाणखाना ते बाल्कनीचं दार आणि परत, एकदाही न घसरता. एका डाव्या वळणाला लागून लगेच उजवं वळण आहे, तिथे अजून पाचातून एकदा उतरते. मध्ये एक सरळ तुकडा घालून पाहतो.

हबला दोन जागा, दुसरी रिकामी आहे. हूडच्या टोकाला छतावर जो मोठा रेडिएटरचा पंखा असतो, तो छोट्या मोटरने फिरवायचा विचार आहे. इंजिन निघालं की पंखा सुरू, थांबलं की बंद.

निवृत्त_फिटर | रविवार, सायंकाळी ७:५०

चूक. पंखा गतीवर नसतो, पाण्याच्या तापमानावर असतो. इंजिन आणि पंख्याच्या मध्ये एडी करंट क्लच, म्हणजे चुंबकाच्या जोरावर पकडणारा क्लच. पाणी तापलं की क्लच पकडतो आणि पंखा फिरतो. शेडमधून नुकतं निघालेलं गार इंजिन धावत असतं तरी पंखा थांबलेला असू शकतो. आणि चढ चढून स्टेशनात येऊन उभं राहिलं की पंखा चालूच असतो. प्लॅटफॉर्मवर खालून बघणाऱ्याला वाटतं, उभ्या इंजिनात हे कसलं वारं.

इंजिन आयडलला, म्हणजे नुसतं चालू असताना, मिनिटाला ४०० फेऱ्यांवर असतं, आठव्या नॉचला १००० वर. मधल्या सगळ्या नॉचना आवाज वेगळा. आम्ही शेडबाहेर चहा पिताना सांगायचो, कितव्या नॉचला आहे.

पक्या_पायथॉन | रविवार, रात्री ८:३०

काका, हे सोनं आहे. खिडकी, ऐक. हबवर पायब्रिक्स टाक (हबसाठी स्वतः प्रोग्रॅम लिहिता येणारं सॉफ्टवेअर), रिमोटही त्याच्याशी चालतो. रिमोटच्या अधिक-उणे बटणांना आठ नॉच दे. नॉच दाबल्याबरोबर वेग उडी मारू नये, हळूहळू चढावा, चार डब्यांचं वजन आहे असं वाटलं पाहिजे. आणि एक आकडा ठेव, नाव दे 'ताप'. वरच्या नॉचला तो भराभर वाढेल, आयडलला सावकाश उतरेल. ठरावीक रेषेच्या वर गेला की पंखा चालू, बराच खाली आला की बंद. चालू आणि बंद व्हायच्या रेषा वेगळ्या ठेव, नाहीतर पंखा उचक्या देईल.

खिडकीजवळची_जागा | बुधवार, रात्री १२:०५

झालं. आठ नॉच, 'ताप', सगळं. पहिले दोन फेरे पंखा थांबलेला होता, तेव्हा वाटलं मोटरची वायर सुटली. तिसऱ्या फेरीला छतावर हललं काहीतरी. मग सुरू झाला.

गाडी बाल्कनीच्या दाराशी उभी केली. पंखा फिरतच होता. मुलगा म्हणाला, "बाबा, बंद करायला विसरलात." मी म्हटलं, घाट चढून आलीये, थांब जरा. आम्ही दोघं पालथे पडून पंखा बंद होईपर्यंत बघत बसलो. पावणेदोन मिनिटं लागली.

काका, पावणेदोन मिनिटं बरोबर आहेत का? की वाढवू?

निवृत्त_फिटर | बुधवार, सकाळी ६:४०

उन्हाळ्यात वाढवा.